यंत्रमानवाचा लगाम

‘रोबो’ हा शब्द आज शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो; परंतु त्याचे मूळ पुष्कळांना ठाऊक नसते. चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो जगभर पसरला, आणि ज्या चेक शब्दापासून तो घडला त्या ‘रोबोटा’चा अर्थ आहे वेठ. वेठबिगाराने धन्याची आज्ञा पाळावी, स्वतःची इच्छा अशी ठेवूच नये, ही कल्पना त्या नावातच दडलेली आहे. आपण मराठीत त्याला यंत्रमानव असे भारदस्त नाव दिले; पण हौशी माणसे घरच्या टेबलावर जो यंत्रमानव जुळवतात त्यात मानवासारखे काही नसते. एक चपटी पेटी, दोन किंवा चार चाके, पोटात बॅटरी आणि दोन मोटारी, एवढाच त्याचा संसार.

अशा यंत्राचे दोन प्रकार संभवतात. एक, जे आपल्याच अंगच्या साधनांनी वाट शोधते. आणि दुसरे, जे दूर उभ्या असलेल्या माणसाच्या हुकमतीत चालते. आज आपल्याला विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या प्रकाराचा. दोरी नाही, तार नाही, आणि तरीही पन्नास पावलांवरची गाडी आपल्या अंगठ्याच्या इशाऱ्यासरशी वळते, हा चमत्कार घडवून आणण्यासाठी काय काय जुळवावे लागते, हे तर पाहूच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की इशारा पोचलाच नाही तर त्या गाडीने काय करावे? माझ्या मते दूरनियंत्रणाची सारी विद्या शेवटी या एका प्रश्नापाशी येऊन थांबते.

ही विद्या आपण समजतो तितकी नवी नाही, आणि तिच्या आरंभकाळात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युच्चुंबकीय लहरींचे प्रयोग लोकांसमक्ष केले. त्या लहरी भिंतींपलीकडे गेल्या, तेथे त्यांनी घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवला. संदेश पोचवण्याचा विचार त्या काळी इतरही करीत होते. परंतु अदृश्य लहरींकडून दूर अंतरावर प्रत्यक्ष काम करवून घेता येते, हे त्या सभागृहात दिसले. पुढे १८९८ साली निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नौका सोडली आणि तारेविना तिला वळवून व तिच्यावरील दिवे उघडझाप करून दाखवले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबर रोजी त्याला या शोधाचे अमेरिकन पेटंट मिळाले. आजच्या मुलाच्या हातातील गाडी ही त्या नौकेचीच वंशज होय.

आता या व्यवस्थेची घडण पाहू. सरकारी कचेरीच्या कामकाजाची ज्यांना ओळख आहे त्यांना ती समजावयास कठीण जाणार नाही. हुकूम देणारा एक, तो पाठवणारा एक, आवक टेबलावर तो घेणारा एक, आणि शेवटी त्याची तामिली करणारा एक, अशी ही साखळी असते. हातातल्या दांड्या हलवणारा माणूस हुकूम देतो. त्याच्या हातातील प्रक्षेपक, म्हणजे बाजारात ज्याला ट्रान्समीटर म्हणतात तो, हुकमाचे रेडिओलहरींत रूपांतर करून पाठवतो. गाडीतील ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, त्या लहरी पकडून हुकूम वाचतो. परंतु रिसीव्हरच्या अंगी मोटार फिरवण्याइतके बळ नसते. म्हणून त्याच्या आणि मोटारीच्या मध्ये आणखी एक अंमलदार बसवावा लागतो. त्याला वेगनियंत्रक म्हणावे. दुकानात मागताना मात्र ‘ई.एस.सी.’ असे म्हणावे लागते. बॅटरीचा मोठा प्रवाह मोटारीकडे किती सोडावयाचा आणि कोणत्या दिशेने, हे तो ठरवतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विमानाच्या नमुन्यांसाठी मिळणारे वेगनियंत्रक बहुधा मोटार एकाच दिशेने फिरवतात. जमिनीवरच्या गाडीला मागेही यावे लागते. तेव्हा दोन्ही दिशांनी चालणारा वेगनियंत्रक हवा, हे दुकानदाराला स्पष्ट सांगावे.

हे सारे साहित्य आता दुर्मिळ राहिलेले नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली, दिल्लीचे लजपतराय मार्केट, बंगळूरचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, यांपैकी कोठेही फेरफटका मारला तर बहुतेक सुटे भाग मिळून जातात. अडचण असते ती त्यांची एकमेकांशी ओळख करून देण्याची.

हुकमाची भाषा कशी असते? ती आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. रिसीव्हर वेगनियंत्रकाकडे विजेचे छोटे छोटे ठोके पाठवतो, सेकंदाला सुमारे पन्नास. प्रत्येक ठोका किती काळ टिकला यातच हुकमाचा अर्थ असतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला, तर ‘थांब’. तो दोन मिलिसेकंदांकडे वाढत गेला, तर ‘पुढे, अधिक वेगाने’. एक मिलिसेकंदाकडे घटत गेला, तर ‘मागे’. एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या अंतरात मागच्या पूर्ण वेगापासून पुढच्या पूर्ण वेगापर्यंतचे सर्व हुकूम सामावलेले असतात. अलीकडच्या काही रिसीव्हरांत हेच आकडे एकाच तारेवरून सांकेतिक रूपाने पाठवतात. पण साध्या गाड्यांत ही ठोक्यांची भाषाच अजून रूढ आहे. प्रत्येक स्वतंत्र हुकमासाठी एक वाट लागते; तिला चॅनेल म्हणतात. दोन मोटारींच्या गाडीस दोन चॅनेल पुरतात. तिच्यावर उचलण्याचा हात किंवा फिरते हत्यार बसवावयाचे असेल, तर तिसरा हवा.

आता हे हुकूम आकाशातून जातात कसे, आणि शेजारच्या मुलाचे हुकूम आपल्या गाडीला का ऐकू येत नाहीत, ते पाहू. पूर्वी यासाठी २७ मेगाहर्ट्झसारख्या कंपनसंख्या वापरीत. त्या लहरींची लांबी सुमारे ११ मीटर. त्यामुळे प्रक्षेपकाला हातभर लांबीची दुर्बिणीसारखी उघडणारी अँटेना असे. दोघांच्या जवळ एकाच कंपनसंख्येचे स्फटिक असले, की एकाच्या दांडीने दुसऱ्याचे विमान कोसळत असे. म्हणून नमुन्याची विमाने उडवण्याच्या मैदानांवर एक फळी असे. ज्याने आपल्या कंपनसंख्येचा चिमटा त्या फळीवर लावला असेल, त्यानेच त्या वेळी यंत्र चालू करावयाचे, असा दंडक होता.

आज हौशी माणसाचे बहुतेक काम २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. या लहरींची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ सालच्या नियमांनी परवान्याच्या अटीतून मोकळा केला आहे. अर्थात ही मोकळीक ठरलेल्या शक्तिमर्यादेपुरतीच आहे. प्रक्षेपकाला परस्पर प्रवर्धक जोडून पल्ला वाढवणे तीत बसत नाही. याच पट्ट्यात घरोघरचे वाय-फाय आणि ब्लूटूथही नांदतात. एवढ्या गर्दीत आपला आवाज हरवू नये म्हणून प्रक्षेपक आणि रिसीव्हर ठरलेल्या क्रमाने कंपनसंख्या बदलत राहतात. दोन मित्रांनी गर्दीच्या बाजारात एका ठिकाणी क्षणभर भेटावे आणि लगेच पुढच्या ठरलेल्या ठिकाणी जावे, तसा हा प्रकार आहे. या युक्तीचे एक पेटंट १९४२ साली चित्रपटतारका हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना मिळाले होते. शत्रूला रेडिओवरून चालवलेल्या टॉर्पेडोचे हुकूम दडपून टाकता येऊ नयेत, हा त्यांचा हेतू होता. आणि यांत्रिक पियानोच्या धर्तीवर त्यांनी ८८ कंपनसंख्यांची योजना सुचवली होती. म्हणजे ही कल्पनासुद्धा दूरनियंत्रणाच्याच पोटी आलेली आहे.

मात्र भेटीचा क्रम दोघांनाही ठाऊक हवा. त्यासाठी आरंभी एकदा प्रक्षेपक आणि रिसीव्हर यांची गाठ घालून द्यावी लागते. तिला बाइंडिंग म्हणतात. ही गाठ पडली, की तो रिसीव्हर आपल्या धन्याचाच आवाज ओळखतो. मग मैदानात एकाच वेळी अनेक गाड्या चालल्या तरी सहसा गोंधळ होत नाही.

यानंतर गाडी वळवण्याचा विचार येतो. मोटारगाडीप्रमाणे पुढची चाके न वळवता, दोन बाजूंची चाके कमीअधिक वेगाने फिरवून वळण घेणे हौशी यंत्रांत सोयीचे पडते. एका हाताची दांडी डाव्या चाकांस व दुसऱ्या हाताची उजव्यांस असे जोडले तरी चालते. पण सरळ रेषेत जाणे मग कौशल्याचे काम होते. त्यापेक्षा एकाच दांडीवर दोन्ही हुकूम ठेवून त्यांचे मिश्रण प्रक्षेपकाकडून करवून घ्यावे. हिशोब सोपा आहे. डाव्या मोटारीला वेग अधिक वळण, उजव्या मोटारीला वेग उणे वळण. समजा, पुढे जाण्याचा हुकूम शंभरात ४० आणि उजवीकडे वळण्याचा २० आहे; तर डावी मोटार ६० ने फिरेल, उजवी २० ने, आणि गाडी उजवीकडे वळेल. दोन्ही हुकूम मोठे असले तर बेरीज शंभराच्या वर जाते आणि जादा भाग वाया जातो. म्हणून वळणाच्या हुकमाची मर्यादा आधीच थोडी कमी ठेवणे शहाणपणाचे.

येथे दांडीच्या निवडीचा प्रश्न येतो, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाही. विमानासाठी बनवलेल्या प्रक्षेपकात इंजिनाची दांडी जेथे ठेवाल तेथेच राहते, कारण वैमानिकाला एकसारखा वेग हवा असतो. दुसरी दांडी मात्र स्प्रिंगमुळे हात सोडताच मध्यावर येते. जमिनीवरची गाडी नेहमी या दुसऱ्या दांडीवर चालवावी. चालवणाऱ्याला ठेच लागली, कोणी हाक मारली, यंत्र हातून निसटले, तर दांडी आपोआप ‘थांब’ या हुकमावर आली पाहिजे.

विजेच्या पुरवठ्याकडेही बारकाईने पाहिले पाहिजे, कारण ‘रिमोट बिघडला’ म्हणून जी तक्रार केली जाते तिचे मूळ पुष्कळदा रिमोटमध्ये नसून बॅटरीत असते. थांबलेली मोटार सुरू होताना किंवा भिंतीला अडून राहिली असताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. बॅटरी अशक्त असली तर त्या क्षणी तिचा दाब खाली येतो आणि रिसीव्हर क्षणभर बेशुद्ध पडतो. तो पुन्हा जागा होऊन धन्याशी गाठ घालीपर्यंत गाडी हुकमाबाहेर असते. यावर उपाय असा, की रिसीव्हरला सुमारे ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा देणारे स्वतंत्र मंडल वापरावे किंवा त्याला लहानशी वेगळी बॅटरी द्यावी. वेगळी बॅटरी दिल्यास दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा एकत्र जोडणे विसरू नये. नाही तर ठोका कोणत्या पातळीपासून मोजावयाचा हेच वेगनियंत्रकाला कळणार नाही. मोटारीच्या ब्रशांतून उडणाऱ्या ठिणग्याही रेडिओला त्रास देतात. त्यांचा उपद्रव आवरण्यासाठी मोटारीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर डाखावा.

लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी आणि जोमदार खरी, पण ती लाडावलेल्या मुलासारखी सांभाळावी लागते. तिचा प्रत्येक घट पूर्ण भरला असता ४.२ व्होल्टचा असतो आणि साधारण ३ व्होल्टच्या खाली उतरला तर कायमचा दुखावतो. तिला भोक पडले किंवा ती वेडीवाकडी भारित झाली तर पेट घेऊ शकते. म्हणून तिच्यासाठी बनवलेलाच चार्जर वापरावा आणि ती चार्ज होत असताना तेथून उठून जाऊ नये.

अँटेनाविषयी थोडेसे. रिसीव्हरच्या तारेचे उघडे टोक सुमारे ३१ मिलिमीटर असते. लहरींच्या लांबीचा तो चौथा हिस्सा आहे. तार लोंबते म्हणून ती कापून टाकू नये आणि गुंडाळूनही ठेवू नये. रिसीव्हर पत्र्याच्या बंद पेटीत ठेवला तर लहरींना आत यावयास वाट उरत नाही. पेटी पत्र्याचीच हवी असेल तर एक खिडकी ठेवून ती प्लॅस्टिकने झाकावी. रिसीव्हरला दोन तारा असल्यास त्या एकमेकींशी काटकोनात बसवाव्यात, म्हणजे गाडी कशीही वळली तरी एक तरी चांगली ऐकू शकेल.

इतके झाले म्हणजे गाडी चालू लागते, घरातील मंडळी टाळ्या वाजवतात आणि काम संपले असे वाटते. वस्तुतः खरे काम येथून पुढे आहे. वर सांगितलेल्या साखळीत हुकूम तुटण्याच्या जागा किती आहेत, हे एव्हाना ध्यानात आले असेल. प्रक्षेपकाची बॅटरी संपेल, गाडी भिंतीआड जाईल, रिसीव्हरची तार निसटेल, दाब पडेल. त्या क्षणी गाडीने काय करावे? काही रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून ठेवतात. शेवटचा हुकूम ‘पूर्ण वेगाने पुढे’ असा असेल, तर गाडी तोच पाळीत राहील, समोर भिंत असो की रांगणारे मूल असो. यंत्राच्या बाजूने पाहिले तर त्यात अवज्ञा काहीच नाही. नवा हुकूम आला नाही, म्हणून जुना चालू, एवढाच त्याचा न्याय.

यासाठी रिसीव्हरला आधीच शिकवून ठेवावे लागते, की धन्याचा आवाज ऐकू आला नाही तर अमुक करावे. या व्यवस्थेला फेलसेफ म्हणतात. बहुतेक रिसीव्हरांत गाठ घालताना किंवा एक कळ दाबून ही शिकवण देता येते. दांड्या मध्यावर ठेवाव्यात, फिरते हत्यार असल्यास त्याचा चॅनेल बंद ठेवावा, आणि हीच स्थिती रिसीव्हरच्या स्मरणात घालावी. शिकवले म्हणजे शिकला असे मात्र धरून चालू नये. गाडी लाकडी ठोकळ्यावर ठेवून चाके अधांतरी करावीत, हत्याराचे पाते काढून ठेवावे, चाके मंद गतीने फिरवावीत आणि मग बेधडक प्रक्षेपक बंद करावा. चाके लगेच थांबली पाहिजेत. थांबली नाहीत, तर ती गाडी जमिनीवर ठेवण्यास लायक नाही, मग ती कितीही सुंदर वळत असो. रिसीव्हर बदलला किंवा पुन्हा गाठ घातली, की ही परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण नव्या गाठीबरोबर जुनी शिकवण पुसली जाण्याचा संभव असतो.

‘थांबणे’ म्हणजे काय, हेही यंत्रागणिक वेगळे असते. सपाट जमिनीवरच्या गाडीला मोटारी बंद करणे पुरते. उतारावर तीच गाडी मोटारी बंद होऊनही घरंगळत जाईल, तेथे वेगनियंत्रकातील ब्रेकची सोय चालू ठेवली पाहिजे. आणि चार पंख्यांच्या ड्रोनचे पंखे आकाशात थांबवले तर तो दगडासारखा खाली येईल. म्हणून फेलसेफ ठरवताना ‘माझे यंत्र कोठे आहे आणि त्याच्या आसपास कोण आहे’ हा विचार आधी करावा. कळ नंतर दाबावी.

याच विचारातून चालू-बंद करण्याचा क्रम ठरला आहे. प्रथम प्रक्षेपक चालू करावा, मग गाडी. बंद करताना प्रथम गाडी, मग प्रक्षेपक. धनी जागा असल्याखेरीज चाकराला उठवू नये आणि चाकर झोपल्याखेरीज धन्याने डोळा मिटू नये, इतका हा नियम सोपा आहे. शिवाय गाडीच्या बाहेरच्या अंगाला, चटकन हाताशी येईल असा, बॅटरीचा प्रवाह तोडणारा खटका किंवा उपटून काढता येणारी जोडणी असावी. रेडिओवर कितीही विश्वास असला तरी अखेरचा अधिकार हातानेच बजावता आला पाहिजे.

आपल्या देशात या छंदाला आता चांगले व्यासपीठ मिळाले आहे. मुंबईच्या आय.आय.टी.तील टेकफेस्टमध्ये यंत्रांच्या झुंजी पाहावयास तोबा गर्दी होते. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने २००२ साली टोकियो येथे सुरू केलेल्या रोबोकॉन स्पर्धेचे यजमानपद पुण्याने २००८ आणि २०१४ साली भूषवले, आणि भारतातील संघांची स्पर्धा दूरदर्शनमुळे घराघरांत पोचली. झुंजीच्या यंत्रांत कित्येक किलो वजनाचे पोलादी पाते प्रचंड वेगाने फिरत असते. अशा आखाड्यांत झुंजीपूर्वी तपासनीस यंत्राचा वेग पाहण्याआधी प्रक्षेपक बंद करावयास सांगतात, यातील मर्म आता निराळे सांगावयास नको. आपल्या गावी, आपल्या शाळेत अशी स्पर्धा भरवणाऱ्या शिक्षकांनी तोच शिरस्ता ठेवावा. जी गाडी प्रक्षेपक बंद होताच थांबली, तिलाच मैदानात प्रवेश. या एका नियमाला खर्च काहीच येत नाही.

मुलांच्या हाती हा छंद देण्याचे खरे कारणही मला यातच दिसते. सुटे भाग जुळवणे ती चार दिवसांत शिकतात आणि गाडी पळवणे एका संध्याकाळी. पण हुकूम देणाऱ्याने हुकूम न पोचण्याचाही विचार आधी करून ठेवावा, आणि आपण नजरेआड झालो असता आपल्या यंत्रापासून कोणाला इजा होणार नाही अशी तजवीज करावी, हा धडा पुस्तकात वाचून अंगी बाणत नाही. ठोकळ्यावर ठेवलेल्या गाडीची चाके, प्रक्षेपक बंद करताच, आपल्या डोळ्यांदेखत थांबतात तेव्हा तो बाणतो. तेव्हा आपल्या घरी अशी एखादी गाडी तयार होत असेल, तर ती किती जोरात पळते हे मुलाला जरूर विचारा. पण त्याआधी, ती थांबते कशी, हे त्याला करून दाखवावयास सांगा.